संघ आणि सन्मान : राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांतील एक रिकामी जागा

भारत सरकारच्या राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांची रचना एका बैठकीत ठरलेली नाही. जवळजवळ सात दशकांत ती थराथराने साचत गेली आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांत सरस ठरणाऱ्या विद्यापीठासाठी मौलाना अबुल कलाम आझाद चषक, ज्याला क्रीडावर्तुळात ‘माका’ चषक म्हणतात, १९५६-५७ पासून दिला जाऊ लागला. १९६१ मध्ये खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी बॅडमिंटनसाठी नंदू नाटेकर व क्रिकेटसाठी सलीम दुराणी यांची नावे त्यावर लागली. १९८५ मध्ये प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार आला, ज्याच्या पहिल्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते. १९९१-९२ मध्ये सर्वोच्च सन्मान म्हणून खेलरत्न आले आणि ते प्रथम विश्वनाथन आनंद यांना मिळाले. २००२ पासून खेळातील आजीवन योगदानासाठी ध्यानचंद पुरस्कार, तर २००९ पासून खेळाला आधार देणाऱ्या कंपन्या व संस्थांसाठी प्रोत्साहन पुरस्कार अशी भर पडत गेली. या व्यवस्थेत विद्यापीठाला जागा आहे, प्रशिक्षकाला आहे, निवृत्त खेळाडूला आहे, पैसा पुरवणाऱ्या कंपनीलाही आहे. जो मैदानावर प्रत्यक्ष सामना जिंकतो त्या संघाला मात्र तीत स्वतंत्र स्थान नाही.

ही उणीव कुणाच्या विस्मरणातून आलेली असावी असे वाटत नाही. शासकीय पुरस्काराची आपल्याकडील कल्पनाच मुळात व्यक्तीभोवती बेतलेली आहे : सनद एका नावाची, स्मृतिचिन्ह एका हातात देण्याचे, रोख रक्कम एका खात्यात जमा होणारी, आणि पुढे नोकरी, बढती, रेल्वेप्रवास यांतील सवलती त्याच नावाला चिकटणाऱ्या. अशा चौकटीत संघाची कामगिरी शिरायची असेल तर तिचे आधी व्यक्तींत तुकडे करावे लागतात, आणि तुकडे करताना कुणाला किती वाटा द्यायचा याचा निर्णय खेळाबाहेरच्या निकषांवर होतो. सांघिक खेळातील यश हे खेळाडूंच्या वैयक्तिक यशांची बेरीज नसते, हे खेळ जाणणारा प्रत्येकजण मान्य करतो. पुरस्कारांची नियमावली मात्र ते गेली साठ वर्षे बेरीजच आहे असे धरून चालते. वर्षातील सर्वोत्तम संघासाठी स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार असावा, या मागणीचा खरा आधार या विसंगतीत आहे.

खेलरत्नांची २०२४ पर्यंतची यादी सांघिक खेळांच्या अंगाने वाचली तर विसंगती उघड दिसते. हॉकीतून धनराज पिल्ले, सरदार सिंग, राणी रामपाल, पी. आर. श्रीजेश, मनप्रीत सिंग आणि हरमनप्रीत सिंग. क्रिकेटमधून सचिन तेंडुलकर, महेंद्रसिंह धोनी, विराट कोहली, रोहित शर्मा आणि मिताली राज. फुटबॉलमधून सुनील छेत्री. या बाराही जणांनी कधी ना कधी भारताचे कर्णधारपद सांभाळलेले आहे, आणि क्रिकेटच्या पाच नावांत एकही गोलंदाज नाही. यांपैकी कुणाचीही पात्रता संशयास्पद नाही. पण तीस वर्षांहून अधिक काळात सांघिक खेळातील सर्वोच्च सन्मान कर्णधारपद न भूषविलेल्या एकाही खेळाडूकडे जाऊ नये, हा योगायोग मानणे कठीण आहे. निवड समितीपुढे अकरा किंवा पंधरा जणांचे श्रेय एका नावात कोंबण्याचा प्रश्न येतो तेव्हा ती सर्वांत ओळखीच्या आणि सर्वांत सोयीच्या नावाकडे वळते, आणि ते नाव साहजिकच कर्णधाराचे असते. कबड्डीची स्थिती तर अधिक बोलकी आहे. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले तेव्हापासून २०१४ पर्यंत भारतीय पुरुषांनी सलग सात सुवर्णपदके जिंकली, आणि २०१८ मध्ये जाकार्ता येथे इराणने उपांत्य फेरीत ही मालिका तोडली. चोवीस वर्षांच्या या वर्चस्वाच्या वाट्याला एकही खेलरत्न आले नाही, कारण ते वर्चस्व कुणा एकाचे नव्हते. संघ दर स्पर्धेला बदलत होता आणि जिंकत होता.

संघाला व्यक्तींत विभागण्याचा सर्वांत मोठा प्रयोग २०२१ साली झाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुष हॉकी संघाने एकेचाळीस वर्षांनी पदक मिळवले, आणि त्या आनंदात, ज्या खेळाडूंना आधी अर्जुन पुरस्कार मिळाला नव्हता त्या सोळा जणांना एकदमच तो देण्यात आला. त्या वर्षीच्या पस्तीस अर्जुन पुरस्कारांपैकी, महिला संघातील दोघींसह, अठरा हॉकीकडे गेले. हा निर्णय उदार होता आणि योग्यही होता, पण वस्तुतः तो एका संघाला दिलेला पुरस्कार होता, ज्यासाठी सोळा सनदा लिहाव्या लागल्या. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच हॉकीने तेच कांस्यपदक पुन्हा जिंकले, आणि यावेळी पुरुष संघातील चौघांनाच अर्जुन मिळाला, तर कर्णधार हरमनप्रीत सिंगला खेलरत्न. बहुतेकांकडे अर्जुन आधीच होता आणि तो एका खेळाडूला एकदाच मिळतो. म्हणजे एकाच पदकाची नोंद पुरस्कारांच्या इतिहासात एकदा सोळांच्या आकड्याने आणि एकदा चारांच्या आकड्याने झाली. भविष्यात कुणी केवळ या याद्यांवरून भारतीय हॉकीचा इतिहास लिहू पाहील, तर त्याचा समज असा होईल की पॅरिसचे यश टोकियोच्या पाव हिश्श्याचे होते.

व्यक्तीला मोजणारी दृष्टी संघाच्या खेळातले नेमके काय गमावते, हे खो-खोच्या मैदानाइतके स्पष्ट अन्यत्र दिसत नाही. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू दोन खांबांमधल्या पट्टीवर, चौकोनांत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात आणि नववा धावत असतो. त्याला उलट वळता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडता येत नाही, म्हणून दिशा बदलायची असेल तर बसलेल्या सहकाऱ्याला ‘खो’ देऊन स्वतः त्याच्या जागी बसावे लागते. तिघांच्या तुकडीने आत उतरलेला संरक्षक बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळत साखळी खेळत राहतो, आणि त्याला बाद करण्यासाठी आधी त्याची लय मोडावी लागते. कुणी एक जण अपेक्षेपेक्षा अर्धा क्षण आधी खो देतो, दुसरा खो मिळण्याच्या आधीच खांद्याच्या हुलकावणीने संरक्षकाला खांबाकडे ढकलतो, तिसरा उठून त्याचा आतला मार्ग बंद करतो, आणि चौथा खांबावर सूर मारून बोटांच्या टोकाने त्याला शिवतो. गुणपत्रिकेत गडी चौथ्याच्या नावावर लागतो. मराठी वृत्तपत्रांतील खो-खोच्या बातम्यांत खेळाडूच्या नावापुढे कंसात ‘१.४० मि. संरक्षण व ३ गडी’ अशी नोंद असते, आणि त्या कंसात अचूक खो देणाऱ्याला कधीच जागा मिळत नाही. गुणलेखकाचा यात दोष नाही, कारण खो चांगला होता की साधा हे मोजण्याचे माप कुणाकडेच नाही. परंतु ज्या पुरस्कारव्यवस्थेचा सारा आधार अशा कंसांवर आहे ती या खेळाचा अर्धा भाग पाहूच शकत नाही, एवढे मान्य करावे लागते.

त्याचे परिणामही दिसतात. अर्जुन पुरस्काराच्या पहिल्या चार दशकांत खो-खोला वेळोवेळी स्थान मिळाले, ज्यात सुधीर परब, श्रीरंग इनामदार आणि उषा नगरकर ही मराठी घरांत परिचित असलेली नावे येतात. पण १९९८ मध्ये शोभा नारायण यांना तो मिळाल्यानंतर पुढचे नाव लागायला २०२० उजाडावे लागले, आणि ते धाराशिवच्या सारिका काळे यांचे होते. बावीस वर्षांच्या या खंडात खो-खो थांबला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालील महिला संघाने नेपाळला ७८-४० आणि प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखालील पुरुष संघाने त्याच देशाच्या संघाला ५४-३६ असे हरवले. एकाच दिवशी दोन जगज्जेतेपदे मिळवणाऱ्या या संघांना संघ म्हणून गौरवण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारांच्या नियमावलीत एकही कलम नाही.

व्यक्तिकेंद्री पद्धतीचे समर्थक गुणांकनाकडे बोट दाखवतात. गुणांकन म्हणजे ऑलिंपिक, जागतिक अजिंक्यपद, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धांतील पदकांना ठरावीक गुण देऊन उमेदवारांची क्रमवारी लावण्याची रीत, जी गेल्या दशकात शिफारशी आणि वशिल्याच्या आरोपांवर उतारा म्हणून पुढे आली. हेतू चांगला होता, तरी वैयक्तिक खेळांतही ती वादमुक्त ठरलेली नाही. २०१५ मध्ये सानिया मिर्झाच्या खेलरत्नाला दिव्यांग उंचउडीपटू एच. एन. गिरीश यांनी, आपले गुण अधिक असल्याचे सांगत, कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्याच्या आदल्या वर्षी मुष्टियोद्धा मनोजकुमारला न्यायालयाचे दार ठोठावल्यानंतरच अर्जुन मिळाला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये, एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदके जिंकलेल्या मनू भाकरचे नाव खेलरत्नाच्या चर्चेतील यादीत नसल्याचे कळताच जो गदारोळ उठला तो अर्ज नीट भरला गेला होता की नाही या प्रश्नापर्यंत जाऊन थांबला. तिला खेलरत्न मिळाले, परंतु राष्ट्राने आपणहून द्यावयाचा सन्मान खेळाडूला अर्ज करून मागावा लागतो, ही गोष्ट त्यानिमित्ताने सर्वांच्या नजरेस आली. सांघिक खेळांत गुणांकनाची अडचण याहून मूलभूत आहे : पदकाला गुण देता येतात, पदकातील वाट्याला देता येत नाहीत.

व्यवस्थेने व्यक्तीची चौकट कधी सैल केलीच नाही, असेही नाही. १९९३-९४ चे खेलरत्न शिडाच्या होड्यांच्या शर्यतींतील होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग या जोडीला मिळाले, आणि २०२३ चे बॅडमिंटन दुहेरीतील सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी व चिराग शेट्टी यांना. म्हणजे दोघांनी मिळून केलेली कामगिरी अविभाज्य असू शकते हे शासनाने तत्त्वतः स्वीकारलेले आहे. दोनांना जे लागू होते ते सातांना किंवा अकरांना का लागू होऊ नये, याचे उत्तर तत्त्वात सापडत नाही. ते फार तर व्यासपीठाच्या लांबीत सापडेल.

इतर देशांनी या प्रश्नाची सोडवणूक फार पूर्वी केली आहे. जर्मनीत १९४७ पासून क्रीडापत्रकारांच्या मतदानाने वर्षाचे सर्वोत्तम खेळाडू निवडले जातात आणि १९५७ पासून त्यांच्या जोडीला सर्वोत्तम संघही. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९५४ मध्ये वर्षातील क्रीडाव्यक्तीचा पुरस्कार सुरू केला आणि १९६० पासून संघाचा वेगळा पुरस्कार दिला, ज्यामुळे १९६६ मध्ये फुटबॉलचा विश्वचषक जिंकल्यावर बॉबी मूरचा गौरव आणि इंग्लंड संघाचा गौरव हे दोन्ही एकमेकांना न झाकता होऊ शकले. या दोन्ही ठिकाणी संघाला अर्ज करावा लागत नाही, आणि हे पुरस्कार शासनाचे नाहीत, हीदेखील लक्षात घेण्यासारखी बाब आहे. अर्थात वर्ग असला म्हणजे दृष्टी बदलतेच असे नाही. लॉरियस या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत संघाचा वर्ग पहिल्यापासून आहे. तरीही २०२० मध्ये बर्लिनला गेल्या वीस वर्षांतील सर्वोत्तम क्रीडाक्षण निवडताना लोकांनी २०११ च्या विश्वचषक विजयानंतर वानखेडेवर सहकाऱ्यांच्या खांद्यांवर बसलेल्या सचिनला कौल दिला, आणि ते खांदे कुणाचे होते हे सांगायला आज पुष्कळ रसिकांना आठवावे लागते.

संघपुरस्काराच्या विरोधातील पहिला आक्षेप असा की तो दरवर्षी क्रिकेटच नेईल. या भीतीला इतिहासाचा आधार आहे. सप्टेंबर २००७ मध्ये भारताने चेन्नईत कोरियाला ७-२ असे हरवून हॉकीचा आशिया चषक जिंकला. त्याच महिन्यात धोनीच्या संघाने वीस षटकांचा पहिला विश्वचषक आणला, सरकारे बक्षिसे जाहीर करण्यात गुंतली, आणि हॉकीच्या प्रशिक्षकांसह काही खेळाडूंनी उपोषणाचा इशारा दिला. परंतु हा अनुभव संघपुरस्काराच्या विरोधात जाण्याऐवजी त्याच्या बाजूनेच साक्ष देतो, कारण त्या वर्षी दोन संघांना एकाच मापाने तोलणारी कोणतीही अधिकृत जागा नव्हती आणि म्हणून लोकप्रियता हेच माप ठरले. जाणकारांची समिती, मतदानाऐवजी कारणांसह लिहिलेला निर्णय, आणि लागोपाठ दोन वर्षे एकाच खेळाला पुरस्कार न देण्याचा नियम एवढे केले तरी अलीकडच्या काळात स्पर्धकांची वाण पडली नसती. २०२२ मध्ये बँकॉकला इंडोनेशियाला ३-० नमवून बॅडमिंटनचा थॉमस चषक प्रथमच भारतात आला, आणि त्याआधी मलेशिया व डेन्मार्कविरुद्धच्या लढती २-२ अशा अडल्या असताना दोन्ही वेळा एच. एस. प्रणॉयने निर्णायक सामना जिंकून दिला. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत भारताने सुवर्ण जिंकले, ज्यात नाशिकचा विदित गुजराथी, नागपूरची दिव्या देशमुख आणि महिला संघाचे न खेळणारे कर्णधार म्हणून पुण्याचे अभिजित कुंटे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : संघ म्हणजे नेमके कोण? नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा स्पर्धेत साखळी सामन्यांत भरपूर धावा करून जखमी झालेली सलामीची फलंदाज प्रतिका रावल चाकांच्या खुर्चीतून जल्लोषात सामील झाली. परंतु तिच्या जागी शेफाली वर्माची अधिकृत निवड झालेली असल्याने पंधरा पदकांत तिचे पदक नव्हते, आणि ते तिच्यापर्यंत नंतर पोहोचले. ज्या शेफालीने अंतिम सामन्यात ८७ धावा केल्या आणि दोन बळी घेतले ती मूळ संघातच नव्हती. दोघींपैकी एकीला वगळून त्या विजयाचे वर्णन करता येत नाही. धावण्याच्या रिले शर्यतींत हा प्रश्न आधीच सुटलेला आहे, कारण केवळ प्राथमिक फेरीत धावलेल्यालाही ऑलिंपिकमध्ये पदक मिळते. पडद्यामागच्या माणसांबाबतचा धडा २०१८ चा आहे : एकोणीस वर्षांखालील विश्वचषकानंतर क्रिकेट मंडळाने प्रशिक्षक राहुल द्रविडला पन्नास लाख आणि त्याच्या सहायकांना प्रत्येकी वीस लाख जाहीर केले, द्रविडने या भेदाला हरकत घेतली, आणि अखेर त्याच्यासह सर्वांना पंचवीस लाख मिळाले. संघाची व्याख्या अवघड असली तरी अशक्य नाही, हे यावरून दिसते. वर्षभरात संघाच्या अधिकृत यादीत आलेला प्रत्येक खेळाडू, राखीव धरून, आणि सोबतचे प्रशिक्षक, फिजिओ, मालिशवाले यांची नावे सनदेवर छापणे यात तांत्रिक अडथळा कोणताच नाही.

तिसरा धोका आक्षेप म्हणून सहसा मांडला जात नाही, पण खरा धोका तोच आहे. संघाचा पुरस्कार संघटनेच्या पदाधिकाऱ्यांच्या हाती जाईल. भारतीय क्रीडा संघटनांचा अलीकडचा इतिहास पाहता ही शंका अनाठायी नाही : कबड्डी महासंघाचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे वर्षानुवर्षे राहिला, आणि फुटबॉल महासंघाला ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने काही दिवस निलंबित केले. अशा स्थितीत सन्मान स्वीकारायला अध्यक्ष पुढे आणि खेळाडू मागच्या रांगेत असे दृश्य सहज घडू शकते. म्हणून पुरस्काराची रक्कम थेट खेळाडूंच्या खात्यांत समान वाटली जावी, संघटनेला तीतून काहीही मिळू नये, आणि शिफारस करण्याचा अधिकारही संघटनेकडे नसावा, या तीन अटींशिवाय संघपुरस्कार सुरूच करू नये. या अटी गाळल्या तर आजची व्यक्तिकेंद्री पद्धत, तिच्या सर्व दोषांसह, अधिक प्रामाणिक ठरेल.

महाराष्ट्राला या बाबतीत केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही. १९६९-७० पासून दिला जाणारा शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारही खेळाडू, मार्गदर्शक अशा व्यक्तींभोवतीच उभा आहे, आणि राज्याच्या खो-खो संघांनी राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षे मिळवलेली अजिंक्यपदे त्याच्या याद्यांत एकेकट्या नावांनी विखुरलेली आहेत. राज्य शासनाने नियमावलीत एक वर्ग वाढवून वर्षातील सर्वोत्तम संघाला, राखीव खेळाडूंसह, पुण्याच्या किंवा मुंबईच्या व्यासपीठावर एकत्र बोलावण्याचे ठरवले, तर आक्षेपांपैकी कोणते टिकतात आणि कोणते गळून पडतात हे दोन-तीन वर्षांत प्रत्यक्षच कळेल, आणि दिल्लीतील नियमावली बदलायची वेळ आली तर निदान एका राज्याचा अनुभव समितीपुढे ठेवता येईल.